उसना नवरा

डंडीत, पर्थ रोडवर, दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावर माझी खोली.
एक फ्रिज, दोन खुर्च्या, जगाचा नकाशा,
त्यात पिवळ्या तापाचे देश पिवळ्याच रंगाचे.
परदेशी निघालेल्यांना मी इथं सुया टोचते.
सल्ला फुकट.

मंगळवारी मॉर्व्हेन आली. चोवीस वर्षांची.
कुठल्याशा वाळवंटी मुलखात
कबुतरांचे जुने मनोरे मोजायला निघालेली,
एकटी.
हेपटायटिस, टायफॉइड, मी म्हटलं, आणि बस जरा.

नव्या गावात शिरायचं ते उजेडी.
रात्री पोचणारी बस स्वस्त असते आणि महागात पडते.
ओढणी सुती घे. रेशमी सटकते,
आणि घडीघडी डोकं चाचपणारी बाई
नवखी आहे हे चार कोसांवरून कळतं.
टॅक्सीत मागे बस. फोन कानाला लाव,
पलीकडे कुणी नसलं तरी बोलत राहा.
मी पाढे म्हणते, एकोणतीसचा.
एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी,
परक्याला वाटतं बाई कुणाला तरी झापतेय.

खोलीचा नंबर मोठ्यानं सांगणाऱ्या कारकुनाकडून
दुसरी खोली मागून घे.
वाट विचारायची ती कडेवर पोर असलेल्या बाईला.
कुणी घरी जेवायला बोलावलं तर उंबऱ्यातच कान दे,
आतून बायकांचे आवाज येतात का.
आणि भीती वाटते म्हणून सगळ्या गावाला चोर ठरवू नकोस.
बहुतेक जण नुसता चहा पाजतील.
त्या चहाला नाही म्हणालीस
तर परत येऊन मला तोंड दाखवू नकोस.

ती लिहून घेत होती. पेन थांबलं.
"नवरा कुठाय म्हणून विचारलं तर?"

मी खणातून सुयादोऱ्याची डबी काढली.
ही अंगठी. बावीस कॅरट. आतून नाव कोरलंय,
अच्युत.
म्हणजे न ढळणारा.
तो हल्ली ॲबर्डीनला असतो, दुसऱ्या संसारात.
अंगठी मात्र बसून खात नाही.
नऊ पोरींच्या बोटांवर बसून हिंडून आलीय:
एका सुईणीबरोबर डोंगरात,
एका सायकलवालीबरोबर दोन सरहद्दी ओलांडून,
एकदा बोटीच्या डेकवर तिनं एका मुकादमाला
नुसती चमकून गप्प बसवलं.
बारा वर्षांत माझ्याशी जेवढं बोलला नाही
तेवढं तिकडे त्याच्या नावानं बोललं जातं.
इंजिनिअर आहे. रागीट आहे. उद्या पोचतोय.
माझा कधी वेळेवर पोचला नाही.
हा रोज उद्या पोचतो.

तिला सैल झाली. मी आतून हिरवा दोरा गुंडाळला,
सासूनं शिकवलेला, नऊ वेढे आणि गाठ.
हरवलीस तरी चालेल, म्हटलं.
चालणार नव्हतं. का ते माझं मलाही नीटसं कळलं नाही.

"तुम्ही कुठं कुठं हिंडलात?"
कुठंच नाही गं. सांगली, हीथ्रो, डंडी.
"मग हे सगळं ठाऊक कसं?"

डिसेंबर होता. पावणेचारलाच काचेबाहेर काळोख.
खाली दुकानदार शटर ओढत होता,
कोपऱ्यावर तीन पोरं उगाच उभी.
मी दिवा लावला.

सहाला मी इथून निघते, म्हटलं.
नदीकाठानं घर सात मिनिटांवर आहे.
मोठ्या रस्त्यानं अकरा.
गेली सोळा वर्षं मला अकरा मिनिटं लागतात.

ती काहीच बोलली नाही. अंगठी फिरवत राहिली,
दोरा बोटाला टोचत असावा.

बाही वर कर, म्हटलं. हात सैल सोड.
दोन दिवस दंड ठणकेल.